दान टीव्हीवर, दुरुस्ती वाऱ्यावर: थेट प्रक्षेपणातून साहित्य वाटणाऱ्या शिबिरांचे परीक्षण

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत मंडप पडू लागतात. स्थानिक केबल चॅनलवर किंवा यूट्यूबवर दिवसभर थेट प्रक्षेपण चालते. पडद्याच्या खालच्या पट्टीत क्यूआर कोड, कोपऱ्यात वाढत जाणारा देणगीचा आकडा, मध्येमध्ये देणगीदारांची नावे, आणि मंचावर ओळीने मांडलेल्या तीनचाकी सायकली, व्हीलचेअर, कुबड्या, श्रवणयंत्रांचे डबे. हे परीक्षण त्या सेवेचे आहे आणि घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे. यवतमाळ असो की बुलढाणा, वाशीम असो की गोंदिया, बेत सगळीकडे जवळपास सारखाच असतो. म्हणून यात कोणत्या संस्थेचे किंवा चॅनलचे नाव नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. वस्तू बहुतेक वेळा ठीक असते. मात्र ज्याला दिली त्याच्या अंगाची ती नसते, आणि बिघडली तर विचारायला कोणी नसते. याचे कारण मंचावरच दिसते. अख्खा कार्यक्रम वस्तू हातात देण्याच्या त्या अर्ध्या मिनिटाभोवती बांधलेला असतो, कारण देणगी त्याच अर्ध्या मिनिटाला येते. त्याआधीचे माप आणि त्यानंतरची दुरुस्ती पडद्यावर दिसत नाही, म्हणून तिथे वेळही जात नाही आणि पैसाही. टीव्हीवरच्या दानाला दिव्यांग विरोध करतात तेव्हा लोक म्हणतात, यांना मानापमान फार. मानाचा प्रश्न आहेच. पण तो तितकाच सीटच्या रुंदीचा, ब्रेकच्या गुटक्यांचा आणि पाठीमागच्या जखमेचाही प्रश्न आहे.

सुरुवात व्हीलचेअरपासून, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. शिबिरात मिळते ती घडीची, स्टीलच्या पाइपची, रेक्झिनच्या सीटची खुर्ची. सीटची रुंदी साधारण १८ इंच, मागची चाके २४ इंची, पुढची छोटी चाके भरीव रबराची. सगळ्यांना तीच. चप्पल घेतानासुद्धा दुकानदार पायाचा नंबर विचारतो. इथे दिवसाचे आठ-दहा तास ज्यावर बसायचे ती वस्तू न मापता दिली जाते. १३-१४ इंच रुंद कंबरेची सडपातळ बाई किंवा दहा वर्षांचे पोर १८ इंची खुर्चीत बसले की एका हाताच्या टेकूवर कलते. काही महिने तसेच बसले की पाठीचा कणा त्या बाजूला वाकू लागतो. शिवाय खांद्यापासून चाक लांब पडल्याने स्वतः ढकलता येत नाही. म्हणजे ज्या खुर्चीने माणूस स्वतःच्या हिमतीवर हिंडायचा, तिच्यात त्याला दुसऱ्याने ढकलायला लागते.

मापे चार आहेत, शिंप्याचा टेप पुरतो. बसल्यावर कंबरेचा सर्वांत रुंद भाग मोजा. सीट तेवढीच, फार तर बोटभर जास्त. पाठीच्या टेकूपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत मोजा आणि त्यातून ३ ते ६ सेंटिमीटर वजा करा. ती सीटची खोली. खोली जास्त झाली की सीटची कडा पोटरीत रुतते किंवा माणूस पुढे घसरून पोक काढून बसतो. गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावर पायटेकूची उंची ठरते. पायटेकू फार खाली असला तर पाय लोंबतात, फार वर असला तर गुडघे वर येऊन सगळा भार बसण्याच्या हाडांवर जातो. पाठीचा टेकू साधारण खांद्याच्या पात्याच्या खाली संपावा, म्हणजे हात मोकळे राहतात. चारही मापे घ्यायला एका माणसामागे दहा मिनिटे लागतात. शंभर माणसांच्या शिबिरात ती दहा मिनिटे आधीच्या आठवड्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून काढता येतात. मंचावर ती निघत नाहीत.

ज्यांच्या कमरेखाली संवेदना नाही, विहिरीत किंवा झाडावरून पडून ज्यांच्या मणक्याला मार लागला आहे, त्यांच्यासाठी गादीशिवायची खुर्ची हे औषधाऐवजी विष दिल्यासारखे आहे. झोळीसारखे लोंबणारे रेक्झिन आणि त्यावर दोन इंची स्वस्त फोम एवढ्यावर माणूस बसला की दुखत नाही, म्हणून तो हलत नाही, आणि आतल्या आत कातडी मरते. तपासणी कोणालाही करता येते. माणूस गादीवर बसलेला असताना त्याच्या ढुंगणाखाली, जिथे हाड टोचते तिथे, तळहात वर करून आपली बोटे सरकवा. बोटांची टोके वर-खाली अर्धा सेंटिमीटर तरी हलली तर ठीक. हलत नाहीत पण बोटे सहज बाहेर येतात, तर धोक्याची सूचना. बोटे चेपून अडकली तर त्या गादीवर त्या माणसाला बसवायचेच नाही. दोन्ही बाजूंनी तपासा. गादी चांगली असली तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा हातांवर अंग उचलून भार काढायला शिकवावे लागते. आरशात रोज पाठीमागचे पाहायला, लाल डाग दिसला तर त्या जागी बसणे बंद करायला शिकवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कमी साधनांच्या देशांसाठी व्हीलचेअर सेवेचे आठ टप्पे सांगितले: नाव येणे, तपासणी, कोणती खुर्ची हे ठरवणे, पैशाची सोय आणि मागणी, खुर्ची जुळवणे, बसवून पाहणे, वापरायला शिकवणे, आणि नंतरची देखभाल-दुरुस्ती. थेट प्रक्षेपणाच्या शिबिरात यातला पहिला टप्पा होतो आणि चौथ्यातले पैसे येतात. बाकीचे सहा टप्पे होतच नाहीत.

घराचेही माप हवे. घडीची खुर्ची उघडल्यावर बाहेरून साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते. गावातल्या शौचालयाचा दरवाजा पुष्कळदा दोन फुटांचा, म्हणजे ६० सेंटिमीटरचा. पाच सेंटिमीटरसाठी माणूस दारात उतरून फरशीवर सरपटत आत जातो. ओट्याला उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. अंगणात तेवढी जागा नसेल तर उतार वळवून काढावा लागतो. हे पाहायला कोणीतरी घरी यावे लागते. गंमत नाही, शोकांतिका अशी की घरी लोक येतात. पण ते कॅमेरा घेऊन येतात, टेप घेऊन येत नाहीत.

तीनचाकी सायकल ही ग्रामीण भागासाठी खरोखर उपयोगाची वस्तू आहे. हात धड असतील आणि रस्ता डांबरी असेल तर माणूस बाजाराला, बँकेत, तहसीलला स्वतः जातो. म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहितो. घेताना पहिली गोष्ट पाहायची ती पेडल कोणत्या हाताला आहे. उजवा हात कमजोर असलेल्याला उजव्या हाताची सायकल दिली तर ती दारातच उभी राहणार. दुसरे, चाके. शिबिरासाठी घाईत जोडलेल्या सायकलीचे स्पोक सैल असतात. पहिल्या काही दिवसांतच चाक आउट होते आणि रिम ब्रेकच्या गुटक्याला घासू लागते. मिळाल्या मिळाल्या गावातल्या सायकलवाल्याकडून तिन्ही चाकांचा आउट काढून घ्यावा, कोन-वाटी उघडून छर्ऱ्यांना ग्रीस भरून घ्यावे, सगळे नट-बोल्ट आवळून घ्यावेत. तिसरे, ब्रेक. बहुतेक सायकलींना तो फक्त पुढच्या चाकाला असतो, त्यामुळे उतारावर भरवेगात एकदम दाबला तर सायकल कलंडते. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करायचा असतो, आणि हे कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात आपली काळी माती तिचा सर्वांत मोठा शत्रू. पांदण रस्त्यावर चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत भरतो, वाळून दगड होतो आणि चाक जाम होते. मडगार्ड बोटभर वर उचलून बसवले किंवा पावसाळ्यापुरते काढून ठेवले तर फरक पडतो. चेनला चिखल लागला की आधी रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पुसून मग तेल द्यायचे. चिखलावरच तेल घातले की त्याचा लेप होतो आणि फ्रीव्हीलचे दात झिजतात. बाभळीचा काटा तर ठरलेलाच. जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घातली तर पंक्चर बरेच कमी होतात. ही सगळी कामे गावचा मिस्त्री करू शकतो, कारण टायर, ट्यूब, चेन, स्पोक साध्या सायकलीचे बसतात. बसत नाहीत ते पुढचा चिमटा, हाताच्या पेडलचा आस आणि सीटचा सांगाडा. हे तुटले की सायकल भंगारात. संस्थेने शंभर सायकली वाटताना प्रत्येक तालुक्यात एका सायकलवाल्याकडे अशा सुट्या भागांचे चार-पाच संच ठेवले आणि त्याचा मोबाइल नंबर सांगाड्यावर रंगवला, तर खर्च फारसा वाढत नाही. सध्या सांगाड्यावर देणगीदाराचे नाव रंगवलेले असते.

बॅटरीवरच्या सायकलीचे निराळे. ती मिळाल्याचा आनंद मोठा, आणि पहिल्या उन्हाळ्यात ती बंद पडण्याची शक्यताही मोठी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नसते, आणि वापर नसला तरी चार्ज करत राहायची असते. लाइट गेली म्हणून किंवा आजारपणात महिना-दोन महिने तशीच पडली की ती पुन्हा धरत नाही. नवी जोडी घ्यायला काही हजार रुपये लागतात आणि वाटपाच्या दिवशी हा खर्च कोणी उच्चारत नाही. चार्जरवरचा दिवा बदलेपर्यंत चार्जिंग, गाडी सावलीत, बॅटरीच्या टोकांवर पांढरे साचले तर पुसून व्हॅसलीन: एवढे तरी मराठीत छापून सीटला चिकटवावे. आणि घरी कशी न्यायची? तीनचाकी एसटीत जात नाही. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, पण परत येताना छोटा हत्ती भाड्याने करावा लागला की तो पूर्ण भाड्याचा. फुकट मिळालेल्या वस्तूचा पहिला खर्च मंडपाच्या दारातच सुरू होतो.

श्रवणयंत्राचे वाटप मंडपात करणे हे मुळातच चूक आहे. कोणत्या कानाला, कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येत नाही हे शांत खोलीत मोजून मग यंत्र त्या मापाला लावायचे असते. लाउडस्पीकर लावलेल्या मंडपात सगळ्यांना एकच यंत्र कानात घालून 'ऐकू आलं का?' विचारले जाते, आणि कॅमेऱ्यासमोर नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. कानाचा साचा घेऊन त्याप्रमाणे केलेला मोल्ड नसेल तर आवाज फटीतून बाहेर येऊन यंत्र शिट्टी मारते. म्हातारी माणसे वैतागून ते डब्यात ठेवून देतात. बॅटरीचेही पाहा. १३ नंबरची साधारण एक-दोन आठवडे आणि ६७५ नंबरची दोन-तीन आठवडे चालते. ती हवेवर चालते, म्हणून वरचा स्टिकर काढला की वापरा न वापरा, ती उतरू लागते. गावच्या मेडिकलमध्ये ती मिळत नाही. सोबत चार बॅटऱ्या देऊन संस्था मोकळी होते. बहिऱ्या बाळाला तर शिबिराची वाट पाहायला लावूच नये. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या लवकर तपासणीचे केंद्र असते, तिथे न्यावे, कारण भाषा शिकण्याची वर्षे परत येत नाहीत.

जयपूर फूट वाटणाऱ्या शिबिरांबद्दल मत जरा बरे आहे, कारण तिथे माप घेतल्याशिवाय कामच होत नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. पी. के. सेठी यांनी घडवलेला हा पाय चिखलात, शेतात, मांडी घालून बसायला चालतो, आपल्याकडे तो टिकला त्याचे कारण तेच. दोष वेळेचा. कापलेल्या पायाचा उरलेला भाग पहिले काही महिने आकसत जातो. जखम भरल्यावर लगेच बसवलेली वाटी, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग, थोड्याच दिवसांत सैल होते, मग मोजे वाढवत जावे लागतात, आणि शेवटी वाटीच नवी करावी लागते. दुसऱ्या फिटिंगची तारीख पहिल्याच दिवशी लिहून देणारे शिबिर चांगले समजावे. कुबडीची उंची बगलेच्या दोन-तीन बोटे खाली, मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले, खालचे रबर झिजले की लगेच बदलायचे. पांढरी काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत. यात अवघड काहीच नाही, तरी चुकते.

आता त्या अर्ध्या मिनिटाकडे. लाभार्थ्यांना सकाळी आठला बोलावतात, पाहुणे दुपारी येतात. चढायला मंचाला उतार नसतो, म्हणून दोघे जण माणसाला उचलून वर ठेवतात. शौचालय असले तर पायऱ्यांचे. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, तेवढ्याचसाठी. मग नाव पुकारले जाते, आजाराचा इतिहास माइकवर सांगितला जातो, आणि कॅमेऱ्यामागून सूचना येते, 'काकाजी, इकडे पाहा, जरा हात जोडा.' सीटवरचे प्लास्टिक तसेच असते. फोटो झाला की पुढचा नंबर. त्याआधी घरी येऊन काढलेल्या चित्रीकरणात गळके छप्पर, चूल आणि रडणारी आई हवी असते. त्याच घरातल्या माणसाने शिलाई मशीनवर चार घरांचे कपडे शिवले असतील तर ते घेतले जात नाही, कारण त्याने क्यूआर कोडवरचा आकडा वाढत नाही. ही फीत वर्षानुवर्षे यूट्यूबवर राहते. मुलीचे लग्न ठरवताना ती पाहिली जाते, कामावर ठेवताना पाहिली जाते, शाळेत पोरे ती मोबाइलवर दाखवून चिडवतात.

कॅमेऱ्याला दिसणारे अपंगत्व लागते, हा आणखी एक दोष, आणि तो विदर्भाला फार महाग पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या भागांत सिकलसेलची माणसे घरोघरी सापडतात. वेदनेच्या झटक्यात चार-चार दिवस अंथरुणाला खिळणारा पोरगा बरा असताना धडधाकट दिसतो. तो मंचावर कशाला बोलावला जाईल? त्याला हवे असते ते तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर मिळणारे रक्त, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या आणि दाखला. मानसिक आजाराचे, मतिमंद मुलांच्या आईबापांचे, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचेही असेच. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमट्यांनी १९४९ च्या सुमारास कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन खडकाळ जमीन लागवडीखाली आणली आणि आनंदवन उभे केले, तिथून जवळच्याच गावांत हात जोडायला लावणारे मंच सजतात, याचे वाईट वाटते.

टीव्हीवरच्या दानाला होणारा हा विरोध आपल्याकडे नवा वाटतो, पण बाहेर त्याला चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेत जेरी लुईस हा विनोदी नट १९६६ पासून २०१० पर्यंत दर सप्टेंबरच्या कामगार दिनाला स्नायूंच्या आजाराच्या मुलांसाठी टीव्हीवर निधी गोळा करायचा. १९८१ मध्ये स्वतः स्नायूंचा आजार असलेले वकील इव्हान केम्प यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून त्यावर जाहीर टीका केली: अशा कार्यक्रमाने दिव्यांग म्हणजे कायमची लहान मुले असा समज घट्ट होतो आणि मोठ्या माणसांना नोकरी मिळणे अवघड होते. १९९० मध्ये लुईसने एका मासिकात स्वतःला त्या आजाराच्या रुग्णाच्या जागी कल्पून आपण 'अर्धा माणूस' झालो असे लिहिले, तेव्हा शिकागोच्या माइक एर्विन आणि त्यांच्या बहिणीने निदर्शने उभी केली. दोघेही लहानपणी त्याच मोहिमेच्या पोस्टरवर झळकलेले होते. ब्रिटनमध्ये आयटीव्ही वाहिनीच्या टेलिथॉनविरुद्ध, म्हणजे टीव्हीवर तासन्‌तास चालणाऱ्या निधी गोळा करण्याच्या अशाच कार्यक्रमाविरुद्ध, १९९० मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये दिव्यांगांनी लंडनच्या स्टुडिओबाहेर ठाण मांडले. त्यांची मागणी दानाऐवजी हक्कांची होती. १९९२ नंतर तो टेलिथॉन झाला नाही. मेक्सिकोतल्या तेलेतोन या अशाच कार्यक्रमाबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०१४ मध्ये चिंता नोंदवली, की दिव्यांग म्हणजे दानाची वस्तू हा साचा त्यातून पसरतो. शिवाय पुनर्वसनाचे काम सरकारने करायचे की देणगीवरच्या खाजगी संस्थेने, हाही प्रश्न तिथे उभा राहिला. तो मुद्दा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो.

कारण शिबिरात जे मिळते त्यातले पुष्कळसे हक्काने मिळायचे असते. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला किंवा युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र), आधार आणि उत्पन्नाचा दाखला यांवर कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीने बनवलेले साहित्य मिळते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. ती किती होती आणि कशावर गेली हे ग्रामसभेत लेखी विचारता येते, आणि विचारले की उतार बांधायला किंवा शौचालयाचा दरवाजा रुंद करायला पैसे निघू शकतात. २०२५ च्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू यांनी जे उपोषण केले, त्यात कर्जमाफीबरोबर दिव्यांगांचे मानधन वाढवण्याची मागणी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये केले. राजकारण कोणाला पटो न पटो, ती रक्कम खात्यात येते आणि त्यासाठी कोणासमोर हात जोडून फोटो काढावा लागत नाही.

'पण पैसे तर येतात ना, नाहीतर एवढेही कोणी दिले नसते,' असे प्रामाणिकपणे म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतः शंभर-दोनशे रुपये मनापासून देतात. त्यांच्या देण्यावर आमचा राग नाही. ज्या बाईला सरकारी योजनेत तीन-तीन वर्षे फेऱ्या मारूनही सायकल मिळाली नाही आणि शिबिरात मिळाली, तिला 'घेऊ नकोस' असे सांगणाऱ्यांतले आम्ही नाही. देणाऱ्यांनी पैसे टाकण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात एवढेच. मापे कोणी आणि कधी घेतली? दुरुस्तीसाठी किती रक्कम बाजूला ठेवली? मंडप, एलईडी पडदा, चॅनलचा वेळ आणि सत्कार यांवर किती गेले? संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यावे लागतात. प्राप्तिकरात देणगीची वजावट हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये, आणि साध्या पावतीवर न थांबता वजावटीसाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र मागावे. वाटपाऐवजी दुरुस्तीसाठी पैसे द्यायची तयारी दाखवली तर आयोजक आधी गोंधळतात. तरीही आग्रह धरावा, कारण एका नव्या खुर्चीच्या पैशात बंद पडलेल्या पाच-सात खुर्च्या आणि सायकली चालू होतात.

आयोजकांना कॅमेरा लावूच नका असे म्हणत नाही. लावा, पण दाखवायचे ते दाखवा: माप घेणारी फिजिओथेरपिस्ट, सुटे भाग लावणारा मिस्त्री, ज्याला तीन वर्षांपूर्वी सायकल दिली त्याची आज चालू असलेली सायकल. बोलायला दिव्यांगांनाच बसवा, आणि त्यांना आपल्या कामाबद्दल, रस्त्याबद्दल, बसबद्दल बोलू द्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निपुण मल्होत्रा प्रकरणात दृकश्राव्य माध्यमांसाठी हीच दिशा दिली आहे: दिव्यांगांची टवाळी नको, त्यांना अतिमानव करणेही नको, आणि त्यांच्याविषयीचे काही ठरवताना त्यांना सोडून नको. २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये लोकांसमोर जाणूनबुजून अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. पण तिथे अपमानाचा हेतू सिद्ध करावा लागतो. शिबिरातले लोक सहसा चांगल्या हेतूने वागतात, म्हणून या कलमावर भिस्त ठेवू नये. संमतीपत्रावर ठेवावी.

नाव नोंदवताना जो फॉर्म भरून घेतात, त्यातच चित्रीकरणाची संमती बारीक अक्षरात असते. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'माझे किंवा माझ्या घरच्यांचे छायाचित्र, चित्रीकरण किंवा आजाराची माहिती प्रसारित करण्यास संमती नाही. या नकारामुळे साहित्य नाकारले गेल्यास त्याचे लेखी कारण द्यावे.' लिहिता येत नसेल तर आशा ताईकडून लिहून घेऊन अंगठा द्या. फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आधीच कुठे चित्रीकरण होऊन गेले असेल तर संस्थेला आणि चॅनलला ते काढून टाकण्याचा लेखी अर्ज द्या. साहित्य नाकारले किंवा चित्रीकरण काढले नाही तर अर्जाची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार पाठवा, स्पीड पोस्टने, पोचपावतीची सोय घेऊन, म्हणजे पोच हातात राहते.